रेघेचा दोन

माझा कान तिखट आहे. हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कुणी कौतुक करेपर्यंत थांबण्याइतका धीर माझ्यात नाही. एखादं गाणं दोनदा कानावरून गेलं, की माउथ ऑर्गनच्या दहा घरांपैकी कोणत्या घरात त्याचा कोणता स्वर बसतो ते मला कळतं. मग ते मी आकड्यांत लिहून काढते. स्वर फुंकून वाजत असेल तर साधा आकडा, श्वास आत ओढून वाजत असेल तर त्याच आकड्याखाली रेघ. ज्याला सरगमसुद्धा येत नाही त्याला हे आकडे बघून गाणं वाजवता येतं. इंटरनेटवर असे आकडे ढिगानं सापडतात आणि त्यातले निम्मे चुकलेले असतात. चुकलेले आकडे दिसले की माझं डोकं फिरतं. मी नवा रायपूरच्या एका सरकारी कार्यालयात आवक-जावक बघते. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडा ठेवून मी फोनवर अनोळखी लोकांच्या चुका दुरुस्त करत बसते, आणि माझी भाजी रोज गार होते.

आम्ही रायपूर शहरातल्या बुढापाऱ्यात राहतो, तळ्यापासून दोन गल्ल्या आत, दुसऱ्या मजल्यावर. आई, बाबा आणि मी. मी लग्न का केलं नाही हा इथला विषय नाही. इथला विषय आमचा जिना आहे. चौतीस पायऱ्या, मध्ये एक वळण, आणि एका वेळी एकच माणूस जाईल एवढी रुंदी. बाबांचा उजवा गुडघा पार झिजला होता, आणि सात महिने ते हा जिना स्वतःच्या पायांनी उतरले नव्हते; दवाखान्यात जायचं तेव्हा दोन माणसं त्यांना खुर्चीत बसवून उतरवायची. सात महिने त्यांनी खिडकीतून गल्ली पाहिली. आधी ते रोज सकाळी तळ्याला चक्कर मारून, खाली दाराशी भाजी घेऊन बसणाऱ्या दीदीकडून लालभाजीची जुडी घेऊन वर यायचे. आता दीदी टोपलीत भाजी ठेवायची, आणि आई दोरीनं टोपली वर ओढायची.

गुडघा बदलायचं ठरलं. पैशांची, सुट्टीची, सगळी तयारी झाली, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी बाबांच्या छातीला नळी लावून मान हलवली. बाबांनी चौतीस वर्षं रायपूरबाहेर उरल्याच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका पोलादाच्या रोलिंग मिलमध्ये काढली होती. विडीला कधी हात लावला नाही, पण त्या धुळीत माणूस श्वास तर घेणारच. ‘‘बाबूजी, फेफड़े कमज़ोर हैं। डेढ़ महीना कसरत कीजिए, फिर देखते हैं,’’ असं म्हणून बाईंनी त्यांच्या हातात प्लास्टिकचं एक यंत्र दिलं. त्यात तीन उभ्या नळ्या आणि प्रत्येकीत एक गोळा. तोंडात नळी धरून श्वास आत ओढला की गोळे वर चढतात. दोन गोळे वर जाऊन तिथे टिकले तर ऑपरेशन, नाहीतर नाही. बाईंनी बोलण्यात काही आडपडदा ठेवला नाही, ते मला आवडलं.

बाबांनी पहिले चार दिवस त्या नळीत फुंकलं. जीव तोडून फुंकलं. मिलमध्ये भट्टीजवळ उभ्या राहिलेल्या माणसाला जोर म्हणजे बाहेर लावायचा एवढंच माहीत असतं. गोळे जागचे हलेनात. मी ऑफिसातून आले तेव्हा बाबा यंत्र उलटं करून बघत होते.

‘‘हे बिघडलं आहे,’’ ते म्हणाले.

‘‘बाबा, फुंकायचं नाही. ओढायचं.’’

‘‘ओढायचं?’’ त्यांनी संशयानं माझ्याकडे पाहिलं. ‘‘मंग पहिले काहून नाई सांगितलं?’’

ओढल्यावर पहिला गोळा टुणकन उडाला आणि लगेच खाली आला. दुसरा नुसता थरथरला. बाबा खोकत सुटले. दोन दिवसांत ते यंत्र कपाटावर गेलं. ‘‘लेकराचं खेळणं आहे ते,’’ असा निकाल त्यांनी दिला, आणि त्यांचा निकाल बदलणं आमच्या घरात कुणाला जमलेलं नाही.

तेव्हा मला माउथ ऑर्गन सुचला. त्यात निम्मे स्वर फुंकायचे, निम्मे ओढायचे. बाबांना नकळत ओढायला लावायचं असेल तर यापेक्षा सोपी युक्ती नव्हती. डॉक्टरबाईंना फोन करून विचारलं, त्या म्हणाल्या, बजाने दीजिए, मगर गोले भी उठवाइए. माझ्याकडे चार माउथ ऑर्गन आहेत. त्यातला चांगला बाबांना दिला आणि विचारलं, कोणतं गाणं वाजवाल?

मला वाटलं, जुन्या सिनेमातलं काहीतरी सांगतील. बाबा म्हणाले, ‘‘भुलाबाईचं.’’

आई स्वयंपाकघरातून मोठ्यानं हसली. भुलाबाईची गाणी म्हणजे विदर्भातल्या पोरींची मक्तेदारी. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत रोज संध्याकाळी पोरी भुलाबाई मांडून गाणी म्हणतात, आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत काय आहे ते बाकीच्यांनी ओळखायचं. बाबा अकोल्याकडच्या गावात तीन बहिणींच्या पाठीवर झालेले. खिरापतीसाठी ते रोज त्या गाण्यांत बसायचे, आणि खिरापत हाती लागेपर्यंत सगळी गाणी ऐकावी लागायची, त्यामुळे ती त्यांना पाठ होती. ही गोष्ट त्यांनी मिलमध्ये कुणाला सांगितली नसणार.

‘‘म्या तर आधीच ओळखलं होतं,’’ आई हात पुसत बाहेर येऊन म्हणाली. ‘‘हा माणूस वरून लोखंडाचा आहे, आतून पोट्टी आहे.’’

बाबांना त्यातलं साखळीचं गाणं हवं होतं. त्यात प्रत्येक कडव्यात एक नवी गोष्ट येते आणि मग मागच्या सगळ्या गोष्टी उलट्या क्रमानं परत म्हणायच्या, त्यामुळे ओळ लांबत लांबत जाते. या गाण्याचे आकडे इंटरनेटवर नव्हते. कुठून असणार? मला हर्षच झाला. आईला म्हणायला लावलं, फोनवर घेतलं, आणि एका रविवारी दोन तासांत ते गाणं वहीत उतरवलं. एकही स्वर चुकला नाही. मी स्वतः वाजवून दाखवलं तेव्हा आई टाळ्या द्यायला लागली आणि बाबांचे डोळे लकाकले. मी अशी ऐटीत वही त्यांच्या हातात दिली, जणू काही गुडघाच बदलून दिला.

बाबा रोज संध्याकाळी खिडकीत बसून वाजवू लागले. पहिलं कडवं आलं. दुसरं कसंबसं आलं. तिसऱ्यात ते अडकले. लांब ओळीच्या मध्यावर आवाज बारीक व्हायचा, पुंगी वाजल्यासारखा, आणि मग खोकला. ते पुन्हा सुरुवातीपासून घ्यायचे, पुन्हा तिथेच थांबायचे. एक आठवडा, दोन आठवडे, तीन आठवडे. दीड महिन्यातला निम्म्याहून जास्त काळ निघून गेला, आणि मी अधूनमधून कपाटावरून काढून दिलेल्या यंत्रात दुसरा गोळा अजून थरथरतच होता.

एका संध्याकाळी माझा तोल गेला. तो दिवस वाईट होता, बस चुकली होती, पण ते काही कारण नव्हे. मी म्हटलं, ‘‘तीन आठवडे झाले, बाबा! आकडे समोर आहेत, वाचायचे आणि वाजवायचे. एक ओळ पूर्ण येत नाही? मिलमध्येही असंच अर्ध्यावर सोडून येत होता का?’’

बाबांनी माउथ ऑर्गन रुमालानं पुसला, त्याच रुमालात गुंडाळला आणि टेबलाच्या खणात ठेवला. ‘‘मले नाई जमत, बाई,’’ ते म्हणाले. ‘‘छातीच नाई पुरत. तू कष्ट घेतले, पण राहू दे.’’ मग ते खिडकीकडे तोंड करून बसले.

मला माझीच लाज वाटली. इतकी, की मी जेवले नाही. अनोळखी लोकांच्या चुका काढता काढता मी बापाला खणात बंद केलं होतं. तरीही मनात एक हट्टी किडा वळवळत होता की आकडे बरोबर आहेत, माझे आकडे बरोबर आहेत.

दुसऱ्या दिवशी घरी आले तर आई माझी वही घेऊन बसली होती. आईला आकड्यांतलं काही कळत नाही. ती आकड्यांच्या वर लिहिलेल्या शब्दांवर बोट ठेवून गाणं पुटपुटत होती आणि दर थोड्या वेळानं उठून आरशाकडे जात होती. आमच्या आरशाच्या कडेला तिच्या वापरलेल्या टिकल्या ओळीनं चिकटवलेल्या असतात. काही महिनाभर जुन्या, काही कालच्या. ती त्यातली एक एक काढून आणत होती आणि माझ्या सुबक अक्षरातल्या पानावर चिकटवत होती. लाल, मरून, एक हिरवीसुद्धा.

‘‘आई! काय करून राहिली तू?’’ रागानं माझ्या तोंडून घरचीच भाषा निघाली.

‘‘तुह्या वहीत सगळं आहे,’’ आई शांतपणे म्हणाली, ‘‘पण माणसानं श्वास कुठी घ्यायचा ते कुठी आहे? आमी पोरी गोल फिरत म्हणत होतो. टाळी पडली का श्वास, टाळी पडली का श्वास. जी पोट्टी टाळी चुकवे ते तिसऱ्याच कडव्यात धापा टाके. तू टाळ्या लिहिल्याच नाईत. हे घे, म्या लावून दिल्या.’’

मी वही तिच्या हातातून घेतली. तिच्यावर ओरडायच्या तयारीतच ते पान उजेडाला धरलं.

बाबा जिथे अडकत होते, त्या लांब ओळीत सा, ग आणि खालचा प एवढेच स्वर होते, मागे-पुढे, मागे-पुढे. साधा चार, साधा पाच, साधा तीन. तिन्ही फुंकायचे. पूर्ण ओळभर एकही रेघ नव्हती. माझ्या बापाला मी एका दमात पंचवीस-तीस स्वर बाहेर फुंकायला लावले होते, आणि वर ओरडले होते की छाती का पुरत नाही. मला ते पुरत होतं, कारण माझी छाती माझी होती. ती उरल्याला गेली नव्हती.

आणि टिकल्या? आईच्या टिकल्या बरोबर खालच्या प वर बसल्या होत्या. प्रत्येक वेळी. टाळी तिथेच पडत होती.

खालचा प माउथ ऑर्गनवर दोन ठिकाणी मिळतो. तिसरं घर फुंकलं तरी प, दुसरं घर आत ओढलं तरी तोच प. एका स्वराला दोन दारं. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण रेघेचा दोन हा त्या वाद्यातला सगळ्यात खडूस स्वर आहे. जरा जोरानं ओढला की खाली घसरतो, बेसूर होतो, शिकणाऱ्याला वाटतं वाद्यच मोडलं. म्हणून मी तो टाळत आले होते. माझ्या सगळ्या वह्यांत जिथे खालचा प, तिथे बिनदिक्कत साधा तीन. लोकांच्या चुका काढणारी मी, ही माझी पळवाट मी कुणाला दाखवली नव्हती.

मी खोडरबर घेतलं. टिकल्या न हलवता, त्यांच्या खालचे सगळे तीन खोडले आणि तिथे दोन लिहून रेघ मारली. आता ओळीत दर टाळीला एक श्वास आत येत होता. थांबायचं नव्हतं, गाणं तोडायचं नव्हतं. गाणंच श्वास घेत होतं.

बाबांसमोर वही ठेवली. कान पकडून माफी मागितली, खरोखर दोन्ही हातांनी कान पकडून. मग सांगितलं, टिकली आली की दुसऱ्या घरातून ओढा, पण हळू. जोर लावला तर तो रुसतो.

‘‘जोर आहे कुठी माह्यापाशी?’’ बाबा म्हणाले, आणि खण उघडला.

त्यांनी ओढलं. आणि तो स्वर, ज्यानं शिकताना मला सहा महिने छळलं होतं, जो मी रात्रंदिवस घासूनही अर्धा बेसूर काढत होते, तो बाबांच्या ओठांतून पहिल्या खेपेला भरदार, गोल, थेट मंदिरातल्या घंटेच्या आवाजासारखा निघाला. कारण त्यांच्याकडे जोर नव्हता. त्या स्वराला जोर नकोच होता. मला इतका हेवा वाटला आणि इतका आनंद झाला की दोन्ही एकदम आवरेनात. आई म्हणाली, ‘‘पाह्यलं? आता तुह्या बापापाशी शिकाले पोरं येतीन.’’

त्या संध्याकाळी तिसरं कडवं पार झालं. दोन दिवसांनी चौथं. मग आईनं कोनाड्यात भुलाबाई मांडली, जी तिनं रायपूरला आल्यापासून मांडली नव्हती, आणि ती बाबांच्या वाजवण्यावर म्हणायला लागली. रोज खिरापत करायची, डबा झाकून ठेवायची, आणि बाबांनी एक कडवं जास्त वाजवल्याशिवाय उघडायची नाही. मी ऑफिसातून येताना गल्लीच्या तोंडाशीच आवाज ऐकायचे आणि मोजायचे, आज किती. बाबांनी यंत्रही स्वतःहून कपाटावरून काढलं. ‘‘हेही रेघेचंच आहे,’’ असं म्हणून ते दुसऱ्या घरासारखं हळू, खोलवर ओढायचे. दुसरा गोळा चढला. टिकला.

कोजागरीच्या आदल्या संध्याकाळी मी जिन्याशी पोचले तर भाजीवाली दीदी दुकान आवरत होती. ती रोज खाली बसून ऐकायची, त्यामुळे बाबा कुठे थांबतात हे तिला आमच्याइतकंच ठाऊक होतं. मला बघून तिनं दोन्ही हात वर केले. मीही तिची दीदीच.

‘‘दीदी, आज बाबूजी बिना रुके बजाइस! पूरा!’’

‘‘पूरा?’’

‘‘हव, पूरा!’’

मी चौतीस पायऱ्या धावत चढले. वर आई आणि बाबा समोरासमोर बसून खिरापत खात होते, आणि माझ्यासाठी काही उरलं नव्हतं. मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

चार दिवसांनी डॉक्टरबाईंकडे बाबांनी यंत्र तोंडाला लावलं, डोळे मिटले, आणि ओढलं. पहिला गोळा गेला, दुसरा गेला. आणि मग तिसराही सावकाश वर चढला आणि तिथेच राहिला. बाईंनी छातीला नळी लावली, पाठीला लावली, मशीनवर तपासणी करून घेतली, आणि मग खुर्ची मागे सरकवून विचारलं, ‘‘बाबूजी, ऐसी कौन सी कसरत की?’’

बाबांनी पिशवीतून वही काढली आणि टिकल्यांचं पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं. बाईंना त्यातलं काही कळणं शक्य नव्हतं. आईनं लगेच खुर्ची पुढे ओढली आणि आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत टाळी, टिकली आणि श्वास यांचं सगळं शास्त्र समजावून सांगितलं. माझं नाव एकदाही आलं नाही. बाईंनी कागदावर सही केली.

दिवाळीनंतर ऑपरेशन झालं. नीट झालं. महिनाभर घरातल्या घरात, मग काठीनं गच्चीपर्यंत, आणि मग एका सकाळी बाबांनी चपला मागितल्या. मी पुढे, ते मागे, कठड्याला धरून. मला भीती वाटत होती, पण मी ती दाखवली नाही. वळणाशी ते थांबले. मी दचकून वर पाहिलं.

‘‘काय झालं, बाबा? दम लागला?’’

‘‘दम काहून लागीन?’’ त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. ‘‘टिकली आहे इथं.’’

खरोखरच होती. लाल, भिंतीवर, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर. खाली पाहिलं तर पुढच्या अकराव्या पायरीशी आणखी एक. वर पाहिलं तर मागेही एक, जी मी उतरताना पाहिलीच नव्हती. आईनं आदल्या दिवशी जिन्यातून एकटीनं फेरी मारली होती.

बाबांनी एक श्वास आत घेतला, हळू, खोलवर, आणि पाऊल उचललं. खाली दीदी उभीच राहिली. त्यांनी स्वतःच्या हातानं लालभाजीची जुडी निवडली, दोन जुड्या परत ठेवल्या, तिसरी घेतली, पूर्वीसारखीच. तळ्यापर्यंत गेलो, फार नाही, वळलो. येताना ते जिना माझ्यापुढे चढले. पहिल्या टिकलीशी थांबले, वळणाशी थांबले, आणि सगळ्यात वरच्या टिकलीशी थांबलेच नाहीत. तिच्यासमोरून सरळ चढून गेले.

आई दारात उभी होती. तिनं ते पाहिलं. बाबा दाराशी पोचताच तिनं वाकून हात लांबवला, भिंतीवरची ती टिकली नखानं काढली आणि कपाळाला लावली. जुनी झाली होती, चिकटत नव्हती. ती बोटानं दाबून धरून तशीच उभी राहिली, आणि बाबांना आत जायला वाट दिली.